सातारा व सांगली जिल्ह्यांतील महामार्ग आणि प्रवासी रेल्वे नियोजन

सातारा आणि सांगली या पश्चिम महाराष्ट्रातील कृष्णाकाठच्या दोन शेजारी जिल्ह्यांत महामार्ग आणि प्रवासी रेल्वे यांपैकी कोणत्या कामाला आधी निधी, जमीन आणि प्रशासकीय प्राधान्य द्यावे, हा दीर्घकाळ चर्चेत असलेला सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे. पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्गाचे सहापदरीकरण, पुणे–मिरज–लोंढा लोहमार्गाचे दुहेरीकरण, नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्ग, पुणे–बंगळूर द्रुतगती महामार्ग, तसेच कोकणाला जोडणारे आणि फलटण परिसरातील नवे लोहमार्ग हे या चर्चेतील प्रमुख प्रकल्प आहेत. शेतजमिनीचे संपादन, कृष्णा खोऱ्यातील महापूर, पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांचे दळणवळण आणि कमी अंतराच्या प्रवाशांची सोय हे मुद्दे या चर्चेत पुन्हा पुन्हा येतात. महामार्ग आणि लोहमार्ग यांचे निर्णय वेगवेगळ्या यंत्रणा वेगवेगळ्या निकषांवर घेतात. त्यामुळे दोन्हींची एकत्र तुलना क्वचितच होते.

भौगोलिक पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,४८० चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख होती. सांगली जिल्ह्याचे क्षेत्रफळ ८,५७२ चौरस किलोमीटर, तर लोकसंख्या सुमारे २८ लाख २२ हजार होती. दोन्ही जिल्ह्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या रांगांनी व्यापलेला आहे. मध्यभागी कृष्णा, कोयना आणि वारणा या नद्यांची सुपीक, उसाखालील खोरी आहेत. पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ आणि जत हे अवर्षणप्रवण तालुके येतात.

दळणवळणाचे जाळे या रचनेला अनुसरून उभे राहिले. पुणे–बंगळूर महामार्ग आणि पुणे–मिरज लोहमार्ग हे दोन्ही मुख्य मार्ग उत्तर–दक्षिण दिशेने जातात. साताऱ्यापासून दक्षिणेस महामार्ग कृष्णेच्या पश्चिमेकडून, तर लोहमार्ग तिच्या पूर्वेकडून जातो. पूर्व–पश्चिम दिशेची जोडणी मात्र तुलनेने दुबळी राहिली. पश्चिमेकडे सह्याद्रीचे घाट आडवे येतात आणि पूर्वेकडे विरळ लोकवस्ती व कमी उत्पन्नाची गावे असल्यामुळे मोठ्या गुंतवणुकीला आर्थिक आधार मिळत नाही.

महाबळेश्वर, जावळी, वाई, पाटण आणि माण (सातारा), तसेच शिराळा, खानापूर आणि आटपाडी (सांगली) या तालुक्यांच्या मुख्य गावांना रेल्वे स्थानक नाही. येथील प्रवासी प्रामुख्याने राज्य परिवहन महामंडळाच्या एसटी बस आणि खाजगी वाहनांवर अवलंबून आहेत.

इतिहास

लोहमार्गाची उभारणी

१८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर दख्खनमध्ये धान्य वेळेवर पोहोचवता यावे, यासाठी लोहमार्ग बांधण्याचे धोरण ब्रिटिश सरकारने स्वीकारले. या धोरणातून १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. पुण्याहून मिरजमार्गे बेळगाव व लोंढ्याकडे जाणारा मीटरमापी मार्ग याच कंपनीने १८८० च्या दशकात उभारला. मिरज–कोल्हापूर हा फाटा कोल्हापूर संस्थानाच्या पुढाकाराने १८९१ मध्ये सुरू झाला, तर मिरज–सांगली हा छोटा फाटा सांगली संस्थानाने १९०७ मध्ये सुरू केला. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी मार्ग १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेपर्यंत पोहोचला. तेव्हापासून मिरज हे दक्षिण महाराष्ट्रातील महत्त्वाचे जंक्शन ठरले.

पुण्याहून साताऱ्याकडे येताना कात्रज व खंबाटकी हे घाट टाळण्यासाठी लोहमार्ग पूर्वेकडे वळवण्यात आला. तो जेजुरी, नीरा आणि लोणंदमार्गे येतो व सालपे–आदर्की दरम्यानचा घाट चढून वाठारला पोहोचतो. या वळणामुळे पुणे–सातारा हे अंतर रस्त्याने सुमारे ११० किलोमीटर असताना रेल्वेने सुमारे १४५ किलोमीटर भरते. पुणे–कोल्हापूर अंतरही रस्त्याने सुमारे २३० आणि रेल्वेने सुमारे ३२६ किलोमीटर आहे. रेल्वेला आजही ही अंतराची तूट वेगाने भरून काढावी लागते.

स्थानकांच्या जागाही त्या काळच्या मार्गरेषेवरून ठरल्या. सातारा स्थानक शहरापासून काही किलोमीटर दूर माहुलीजवळ आहे, तर कराडचे स्थानक ओगलेवाडी येथे आहे. दोन्ही शहरांची बसस्थानके मात्र वस्तीच्या मध्यभागी आहेत. त्यामुळे प्रत्यक्ष रेल्वेप्रवासाच्या वेळेत स्थानकापर्यंत जाण्या-येण्याचा वेळ व खर्च यांची भर पडते.

पुणे–मिरज–कोल्हापूर मार्गाचे रुंदमापीकरण १९७१ च्या सुमारास झाले. मिरज–पंढरपूर–कुर्डूवाडी या अरुंदमापी मार्गाचे रुंदमापीकरण त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी, २०१० च्या सुमारास पूर्ण झाले. २००३ मध्ये रेल्वे विभागांची पुनर्रचना होऊन पुणे विभाग अस्तित्वात आला आणि पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग त्याच्या अखत्यारीत आला.

महामार्गाचा विस्तार

पुणे–बंगळूर रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ म्हणून ओळखला जात असे. २०१० मधील पुनर्क्रमांकनानंतर त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ हे नाव मिळाले. सुवर्ण चतुष्कोन योजनेतील मुंबई–चेन्नई बाजूचा तो भाग असल्यामुळे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचे चौपदरीकरण झाले. सातारा ते कागल हा भाग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने विकसित केला. खंबाटकी घाटात साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्या वाहनांसाठी बोगदा झाला, तर पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी वाहतूक घाटरस्त्यानेच सुरू राहिली.

चौपदरीकरणानंतर या पट्ट्यातील प्रवासाचे स्वरूप बदलले. सातारा–स्वारगेट दरम्यानच्या विनाथांबा एसटी सेवा, खाजगी आरामबस आणि मोटारी यांनी पुण्याकडील बहुतांश प्रवासी आपल्याकडे वळवले. त्याच काळात लोहमार्ग एकेरीच होता आणि त्याचे विद्युतीकरणही झालेले नव्हते.

निर्णयप्रक्रिया

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग हे विषय संघसूचीत, तर इतर रस्ते राज्यसूचीत येतात. त्यामुळे या दोन जिल्ह्यांतील एखाद्या मोठ्या मार्गाचा निर्णय कोण घेतो, हे त्या मार्गाच्या दर्जावर अवलंबून असते.

राष्ट्रीय महामार्गांची कामे केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय आणि भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांच्याकडे असतात. काही राष्ट्रीय महामार्गांची कामे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागामार्फतही होतात. द्रुतगती मार्गांसारखे राज्याचे मोठे प्रकल्प १९९६ मध्ये स्थापन झालेले रस्ते विकास महामंडळ राबवते. महामार्गांसाठी पथकर, खाजगी सवलतदार आणि कर्जरोखे असे निधीचे अनेक मार्ग उपलब्ध असतात.

लोहमार्गांना मंजुरी रेल्वे मंत्रालय देते. १९२४ पासून स्वतंत्रपणे मांडला जाणारा रेल्वे अर्थसंकल्प २०१७ मध्ये सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन करण्यात आला. नव्या मार्गासाठी अपेक्षित परताव्याचा दर तपासला जातो. हा दर अपुरा असल्यास राज्याने खर्चाचा वाटा उचलावा, अशी अपेक्षा केली जाते. महाराष्ट्रात अशा काही प्रकल्पांसाठी राज्याने निम्मा खर्च देण्याचे तत्त्व स्वीकारले असून राज्य शासन व रेल्वे मंत्रालय यांची महारेल ही संयुक्त कंपनीही स्थापन करण्यात आली आहे.

रेल्वेच्या अंतर्गत रचनेचाही नियोजनावर परिणाम होतो. मिरज जंक्शनवर येणारे मार्ग तीन वेगवेगळ्या विभागांच्या हद्दीत जातात. पुणे व कोल्हापूरकडील मार्ग मध्य रेल्वेच्या पुणे विभागात, पंढरपूरकडील मार्ग त्याच रेल्वेच्या सोलापूर विभागात आणि बेळगावकडील मार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात येतो. एका विभागातून दुसऱ्यात जाणारी नवी गाडी सुरू करायची असल्यास या विभागांच्या वेळापत्रकांचा मेळ घालावा लागतो.

जिल्हा पातळीवर जिल्हा नियोजन समिती असते. मात्र तिच्या अखत्यारीत प्रामुख्याने जिल्हा व ग्रामीण मार्गांचा निधी येतो. राष्ट्रीय महामार्ग, द्रुतगती मार्ग आणि लोहमार्ग यांची एकत्र तुलना करून जिल्ह्यापुरता प्राधान्यक्रम ठरवणे हे तिचे काम नाही.

महामार्ग प्रकल्प

पुणे–सातारा–कागल सहापदरीकरण

देहूरोड ते सातारा या सुमारे १४० किलोमीटर भागाच्या सहापदरीकरणाचे काम २०१० मध्ये खाजगी सवलतदारामार्फत सुरू झाले. नियोजित मुदतीनंतर अनेक वर्षे काही उड्डाणपूल व सेवारस्ते अपूर्ण राहिले. या काळात खेड शिवापूर आणि आनेवाडी येथील पथकराविरुद्ध स्थानिक नागरिकांनी वेळोवेळी आंदोलने केली. काम पूर्ण होण्यापूर्वी पथकर आकारणे योग्य आहे काय, हा त्यामागील मुख्य प्रश्न होता.

खंबाटकी घाटातील वळणावर होणारे अपघात टाळण्यासाठी प्रत्येक दिशेला तीन पदर असलेल्या नव्या जुळ्या बोगद्यांचे काम हाती घेण्यात आले. साताऱ्याजवळील शेंद्रे ते कागल या भागाचे सहापदरीकरण शेंद्रे–पेठ नाका आणि पेठ नाका–कागल अशा दोन टप्प्यांत सुरू झाले. त्याअंतर्गत कराडजवळ मलकापूर येथील जुना उड्डाणपूल पाडून नवा, अधिक लांबीचा पूल उभारण्याचे काम घेण्यात आले.

पूर्व–पश्चिम मार्ग

सांगली शहर राष्ट्रीय महामार्ग ४८ वर वसलेले नाही. पेठ नाक्यापासून इस्लामपूर (ईश्वरपूर) व आष्टामार्गे सांगलीस येणाऱ्या रस्त्याची दुरवस्था हा अनेक वर्षे जिल्ह्यातील आंदोलनांचा विषय होता. पुढे या रस्त्याचे काँक्रिटीकरण हाती घेण्यात आले. गुहागर–विजयपूर राष्ट्रीय महामार्ग (क्रमांक १६६ ई) कुंभार्ली घाट, पाटण, कराड, विटा आणि जत यांना जोडतो. रत्नागिरी–नागपूर महामार्गाचा कोल्हापूर–मिरज–सोलापूर हा भाग सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांतून जातो. त्यातील अंकली–चोकाक या टप्प्याचे भूसंपादन चौपट मोबदल्याच्या मागणीवरून दीर्घकाळ रखडले. पुणे–पंढरपूर दरम्यानचा संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग (क्रमांक ९६५) सातारा जिल्ह्यातील लोणंद, तरडगाव व फलटण येथून जातो.

नवे द्रुतगती मार्ग

पुणे–बंगळूर द्रुतगती महामार्ग हा सुमारे ७०० किलोमीटरचा प्रस्तावित हरितक्षेत्र मार्ग आहे. जुन्या रस्त्याचे रुंदीकरण न करता संपूर्णपणे नव्या जागेतून काढलेल्या मार्गाला हरितक्षेत्र मार्ग म्हणतात. हा मार्ग दोन्ही जिल्ह्यांच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातून नेण्याची योजना आहे.

नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्ग हा वर्धा जिल्ह्यातील पवनार ते महाराष्ट्र–गोवा सीमेवरील पत्रादेवी असा सुमारे ८०२ किलोमीटरचा, बारा जिल्ह्यांतून जाणारा प्रस्तावित मार्ग आहे. त्याचा अंदाजे खर्च ८६,००० कोटी रुपयांहून अधिक सांगण्यात आला. सांगली जिल्ह्यात त्याची मूळ मार्गरेषा आटपाडी, कवठे महांकाळ, तासगाव आणि मिरज तालुक्यांतील गावांतून आखण्यात आली होती. २०२४ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी या मार्गाला तीव्र विरोध केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये शासनाने कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द केली. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भूसंपादन व नियोजनासाठी २०,७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीस मान्यता दिली. त्यानंतरही मार्गरेषेत बदल करण्याविषयी चर्चा सुरू राहिली.

रेल्वे प्रकल्प

पुणे–मिरज–लोंढा दुहेरीकरण

पुणे–मिरज–लोंढा या ४६७ किलोमीटर मार्गाच्या विद्युतीकरणासह दुहेरीकरणाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. काम टप्प्याटप्प्याने झाले.

एकेरी मार्गाची मर्यादा साध्या उदाहरणाने स्पष्ट होते. दोन स्थानकांमधील एका खंडात एका वेळी एकच गाडी असू शकते. समजा, खंड ओलांडण्यास बारा मिनिटे लागतात आणि पुढील गाडीला मार्ग मोकळा करून देण्यास आणखी तीन मिनिटे लागतात. म्हणजे प्रत्येक गाडीमागे पंधरा मिनिटे जातात आणि दोन्ही दिशा मिळून ताशी जास्तीत जास्त चार गाड्या त्या खंडातून जाऊ शकतात. संपूर्ण मार्गाची क्षमता अशा सर्वांत लांब किंवा सर्वांत संथ खंडावरून ठरते. समोरून येणाऱ्या गाडीसाठी स्थानकात थांबावे लागते, त्याला क्रॉसिंग म्हणतात. प्राधान्य वेगवान गाडीला दिले जात असल्याने क्रॉसिंगचा भार प्रामुख्याने पॅसेंजर गाड्यांवर पडतो. दुहेरीकरणाने समोरासमोरच्या गाड्यांची ही अडवणूक संपते. त्यामुळे अधिक वेगवान गाड्या आणि अधिक स्थानिक गाड्या या एकमेकींशी झगडणाऱ्या मागण्या एकाच वेळी पूर्ण होण्याची शक्यता निर्माण होते.

दुहेरीकरणामुळे रस्त्यांवरही ताण आला. सांगलीतील चिंतामणीनगर येथील जुना रेल्वे उड्डाणपूल नव्या रुळांसाठी २०२३ मध्ये पाडावा लागला. पुनर्बांधणीच्या काळात माधवनगर व तासगावकडील वाहतुकीला वळसा घालावा लागला. सातारा जिल्ह्यातील काही गावांत रेल्वेलगतच्या जमिनीची मालकी व मोबदला यांवरून शेतकरी आणि रेल्वे प्रशासन यांच्यात वाद झाले.

प्रवासी सेवा

मुंबई–कोल्हापूर महालक्ष्मी एक्सप्रेस व कोयना एक्सप्रेस आणि कोल्हापूर–गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस या गाड्या दोन्ही जिल्ह्यांतून धावतात. मुंबई–कोल्हापूर सह्याद्री एक्सप्रेस २०२० मध्ये कोरोना साथीच्या काळात बंद झाली. ती पुढे केवळ पुण्यापर्यंत सुरू करण्यात आली. मुंबईपर्यंतची सेवा पूर्ववत करावी, ही प्रवासी संघटनांची मागणी राहिली.

१६ सप्टेंबर २०२४ रोजी कोल्हापूर–पुणे आणि पुणे–हुबळी या दोन वंदे भारत एक्सप्रेस सुरू झाल्या. दोन्ही गाड्या आठ डब्यांच्या असून आठवड्यातून तीन दिवस धावतील असे जाहीर झाले. कोल्हापूर–पुणे गाडीला मिरज, सांगली, किर्लोस्करवाडी, कराड आणि सातारा हे थांबे देण्यात आले. ३२६ किलोमीटरसाठी तिला सव्वापाच तास देण्यात आले होते. म्हणजे तिचा सरासरी वेग ताशी सुमारे ६२ किलोमीटर भरतो. ही गाडी याहून बरीच अधिक वेगाने धावू शकते. मात्र घाट, वळणे आणि मार्गाची क्षमता यांमुळे तिचा वेग मर्यादित राहतो. नवी गाडी आणि नवा मार्ग या दोन वेगळ्या गुंतवणुका असल्याचे यावरून दिसते.

२०२० नंतर देशभर पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेसचे भाडे लागू करण्यात आले होते. त्यामुळे किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये जुने दर पुन्हा लागू झाले. या काळात लहान स्थानकांवरून जवळच्या शहरात शिक्षण, मजुरी किंवा भाजीविक्रीसाठी जाणाऱ्या प्रवाशांना वाढीव खर्चाचा सर्वाधिक फटका बसला.

नवे लोहमार्ग

लोणंद–फलटण मार्ग पूर्ण होऊन मार्च २०२१ मध्ये पुणे–फलटण गाडी सुरू झाली. या मार्गाचा पुढील फलटण–बारामती टप्पा आणि फलटण–पंढरपूर हा प्रस्तावित मार्ग पूर्ण झाल्यास सातारा जिल्ह्याच्या उत्तर व पूर्व भागाला नवी जोडणी मिळेल. सह्याद्री ओलांडून कोकण रेल्वेला जोडणारा कराड–चिपळूण मार्ग खाजगी सहभागातून उभारण्याचा प्रयत्न झाला, परंतु तो प्रत्यक्षात आला नाही. दक्षिणेस कोल्हापूर–वैभववाडी मार्गाचा समावेश २०१६–१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात झाला होता. दोन्ही मार्गांत लांब बोगदे आवश्यक असल्यामुळे प्रति किलोमीटर खर्च मोठा आहे.

वादाचे मुद्दे

भूसंपादन

कृष्णाकाठी जमीन बागायती असून सरासरी धारणक्षेत्र लहान आहे. त्यामुळे मार्गाची रुंदी हा येथे निर्णायक मुद्दा ठरतो. १०० मीटर रुंदीच्या द्रुतगती मार्गाला प्रति किलोमीटर दहा हेक्टर, म्हणजे सुमारे २५ एकर जमीन लागते. ६० मीटर रुंदीच्या महामार्गाला सहा हेक्टर लागते. लोहमार्गाच्या दुहेरीकरणात अस्तित्वातील रेल्वेच्या जमिनीचा बराच उपयोग होत असल्याने अतिरिक्त गरज तुलनेने कमी असते.

मोबदल्याचे नियमही प्रकल्पानुसार बदलतात. राष्ट्रीय महामार्गांसाठी १९५६ चा केंद्रीय कायदा, शक्तिपीठसारख्या राज्य प्रकल्पांसाठी १९५५ चा महाराष्ट्र महामार्ग कायदा आणि रेल्वेसाठी रेल्वे कायदा वापरला जातो. भरपाईच्या तरतुदी २०१३ च्या भूसंपादन कायद्याशी जोडलेल्या असल्या, तरी गुणक, बाजारमूल्याचे वर्ष आणि बागायतीचा दर्जा यांवरून शेजारच्या गावांतही वेगवेगळी रक्कम मिळू शकते. तासगाव व मिरज भागातील द्राक्षबागायतदारांचा आक्षेप केवळ रकमेपुरता नसतो. बाग उभी करण्यास अनेक वर्षे लागतात. शिवाय रस्त्यामुळे शेताचे दोन तुकडे झाल्यास विहीर, जलवाहिनी आणि ये-जा यांची घडी विस्कटते.

महापूर

२००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णा व पंचगंगा खोऱ्यांत महापूर आले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तर तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी कोल्हापूरजवळ पुणे–बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला आणि मिरज–कोल्हापूर रेल्वेसेवाही विस्कळीत झाली. पुराच्या कारणांचा अभ्यास करण्यासाठी शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

पूररेषेतील मार्ग उंच भरावावर बांधल्यास तो रस्ता पाण्याखाली जात नाही. मात्र भरावात पुरेशी मोकळी जागा नसेल, तर तोच भराव बांधाप्रमाणे काम करतो. पाण्याचा निचरा मंदावतो आणि वरच्या बाजूच्या गावांत पाणी अधिक काळ साचते. भरावाऐवजी खांबांवरील पूल बांधल्यास हा धोका कमी होतो, पण खर्च वाढतो. शक्तिपीठ महामार्गाला सांगली व कोल्हापूरमधून झालेल्या विरोधात हा मुद्दा ठळकपणे मांडला गेला. हाच निकष रेल्वेच्या भरावांना आणि जुन्या महामार्गाच्या रुंदीकरणालाही लागू होतो.

समांतर मार्गांची गरज

शक्तिपीठ महामार्गाच्या विरोधकांचे म्हणणे असे, की रत्नागिरी–नागपूर महामार्ग अस्तित्वात असताना त्याच दिशेचा दुसरा मार्ग अनावश्यक आहे. समर्थकांच्या मते सध्याच्या रस्त्यावर गावे, चौक आणि संथ वाहने असल्यामुळे लांब पल्ल्याच्या वाहतुकीसाठी प्रवेशनियंत्रित मार्ग आवश्यक आहे. तीर्थक्षेत्रे जोडली गेल्याने मराठवाडा आणि विदर्भाला लाभ होईल, असेही ते सांगतात. पुणे–बंगळूर द्रुतगती महामार्गाविषयीही असेच दोन पक्ष आहेत. त्याच्या समर्थकांच्या मते दुष्काळी पट्ट्याला उद्योग व गोदामांची संधी मिळेल. टीकाकारांच्या मते प्रवेशनियंत्रित मार्गावर मोजक्याच ठिकाणी चढता-उतरता येते. त्यामुळे ज्या गावांची जमीन जाते, त्यांना त्याचा वापर करता येईलच असे नाही.

वेग आणि थांबे

रेल्वेत प्रत्येक थांब्यामागे गाडीचा वेग कमी करणे, थांबणे आणि पुन्हा वेग घेणे यांत काही मिनिटे जातात. त्यामुळे मोठ्या शहरांतील प्रवाशांना कमी थांबे हवे असतात. किर्लोस्करवाडी, भिलवडी, ताकारी, मसूर, कोरेगाव किंवा रहिमतपूर येथील प्रवाशांना मात्र थांबा नसेल, तर गाडीचा उपयोग नसतो. सांगली आणि मिरज ही शहरे एकाच महानगरपालिकेत असूनही दोन्ही स्थानकांवर स्वतंत्र थांब्यांची मागणी होते. एकच गाडी दोन्ही गरजा भागवू शकत नाही. वेगवान गाडीसोबत सर्व स्थानकांवर थांबणारी गाडी ठरावीक अंतराने सोडणे हा त्यावरील नेहमीचा तांत्रिक उपाय होय. त्यासाठी पुन्हा मार्गाची क्षमता, म्हणजेच दुहेरीकरण, आवश्यक असते.

पूर्वेकडील तालुके

माण, आटपाडी आणि जत या तालुक्यांची स्थिती या वादात वेगळी आहे. जत रोड या नावाचे रेल्वे स्थानक मिरज–पंढरपूर मार्गावर असले, तरी जत शहर त्यापासून दूर आहे. येथील लोकसंख्या विरळ असल्याने नव्या लोहमार्गाचा परतावा कमी दिसतो, तर द्रुतगती मार्ग या भागाकडे दोन महानगरांमधील मोकळी जमीन म्हणून पाहतो. तालुक्याच्या गावापासून जिल्हा रुग्णालय, महाविद्यालय किंवा बाजार समितीपर्यंतचा रोजचा प्रवास दोन्ही गणितांत फारसा दिसत नाही. हा प्रवास राज्य व जिल्हा मार्गांच्या देखभालीवर आणि एसटीच्या फेऱ्यांवर अवलंबून राहतो.

मूल्यमापनाचे निकष

महामार्गाच्या मूल्यमापनात वाहनांची दैनिक संख्या, वाचणारा वेळ व इंधन आणि पथकराचे अपेक्षित उत्पन्न मोजले जाते. रेल्वेच्या मूल्यमापनात मार्गाची वापरक्षमता आणि भांडवलावरील परतावा मोजला जातो. मालवाहतुकीचे उत्पन्न प्रवासी वाहतुकीपेक्षा अधिक असल्याने प्रवासी मार्ग या निकषावर मागे पडतात. दोन्ही पद्धतींत आज वाहतूक असलेल्या ठिकाणीच अधिक गुंतवणूक होण्याकडे कल राहतो. जेथे साधन नाही तेथे वाहतूकही कमी नोंदली जाते. म्हणून मागणी कमी असल्याचा निष्कर्ष निघतो आणि साधन मिळत नाही.

या निकषांच्या मर्यादेचे उदाहरण म्हणून २०१६ मधील जलदूत या पाणीगाडीचा उल्लेख करता येतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरात तीव्र पाणीटंचाई निर्माण झाली असता मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेने लातूरला पाठवण्यात आले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी गेले. नंतर पन्नास वाघिणींच्या गाडीतून एका फेरीत सुमारे २५ लाख लिटर पाणी नेण्यात आले. मिरज–पंढरपूर–कुर्डूवाडी–लातूर मार्ग तोपर्यंत रुंदमापी झालेला होता, म्हणून हे शक्य झाले. रुंदमापीकरणाचा हा उपयोग परताव्याच्या दरात धरता येण्यासारखा नव्हता. दुष्काळनिवारणाच्या धोरणातून जन्मलेल्या रेल्वेच्या जंक्शनवरूनच सव्वाशे वर्षांनंतर दुष्काळग्रस्त शहराला पाणी गेले.

प्राधान्यक्रमाविषयीच्या भूमिका

या चर्चेत साधारणतः तीन भूमिका आढळतात. पहिल्या भूमिकेनुसार नवे द्रुतगती मार्ग हे औद्योगिक वाढीचे साधन असल्याने त्यांना अग्रक्रम द्यावा. दुसऱ्या भूमिकेनुसार आधी हाती घेतलेली कामे, म्हणजे सहापदरीकरण, खंबाटकीचे बोगदे, दुहेरीकरण आणि शहरांतील रेल्वे उड्डाणपूल, पूर्ण करावीत आणि त्यानंतरच नव्या जमिनीला हात घालावा. तिसऱ्या भूमिकेनुसार रस्ता आणि रेल्वे यांचा विचार एकत्र करावा. दुहेरी लोहमार्गावर पुणे–सातारा–सांगली दरम्यान नियमित गाड्या, माहुली व ओगलेवाडी स्थानकांपासून शहरांपर्यंत वेळापत्रकाशी जोडलेल्या बस, आणि विटा, दहिवडी, आटपाडी व जत येथून जवळच्या स्थानकापर्यंत चांगले रस्ते, असा तिचा आशय आहे.

या तिन्ही भूमिकांमध्ये मूळ मतभेद साधनाविषयी कमी आणि लाभार्थ्याविषयी अधिक आहे. दोन महानगरांमधून थेट जाणारा प्रवासी, जिल्ह्याच्या शहरातून पुण्या-मुंबईला जाणारा प्रवासी आणि तालुक्याच्या गावातून जिल्ह्याच्या शहरात येणारा प्रवासी या तिघांच्या गरजा वेगळ्या आहेत. सध्याच्या रचनेत पहिल्यासाठी द्रुतगती मार्गाची आणि दुसऱ्यासाठी महामार्ग व वेगवान गाड्यांची स्वतंत्र यंत्रणा आहे. तिसऱ्याच्या गरजेचा महामार्ग आणि लोहमार्ग या दोन्हींच्या संदर्भात एकत्रित विचार करणारी यंत्रणा मात्र जिल्हा पातळीवर नाही.